पान सत्तेचाळीसवरची राणी

बल्लारपुरात सध्या माझ्याबद्दल तीन हकिकती फिरत आहेत. पहिली पेपर मिलच्या गेटवर सांगतात, दुसरी नवाबभाईच्या दुकानात, आणि तिसरी आमच्याच घरी, मी भाजी आणायला बाहेर पडलो की. तिन्हींत थोडं थोडं खरं आहे आणि तिन्हींत मी गाढव आहे. म्हटलं, चौथी आपणच सांगावी. 'मूळ कथेशी इमान राखून' असं लिहिणार होतो, पण सगळा घोळ त्याच वाक्यानं केला. तेव्हा नुसतंच सांगतो.

माझी एक कादंबरी आहे. 'तेरा तळ्यांची राणी'. अद्भुत कादंबरी, पानं तीनशे बारा. पस्तीस वर्षांपूर्वी नागपुरात छापली. ती वाचलेली सगळी माणसं मला नावानिशी ठाऊक आहेत. उरलेल्या प्रती बैठकीतल्या दिवाणाखाली आहेत, आणि एखादी काढायची तर आधी पाहुण्याला उठवावं लागतं. कथा थोडक्यात अशी : तेरा तळ्यांचं राज्य, त्याची राणी, दोन डोक्यांचा वाघ, आणि शेवटी तळ्याची पाळ फुटते तेव्हा राणी स्वतः त्या भगदाडात आडवी पडून पाणी अडवते. वाघाची दोन्ही डोकी तेव्हा रडतात. हे मी लिहिलं तेव्हा मलाही रडू आलं होतं. नंतर वाचणारं कोणी भेटलं नाही म्हणून आलं, ते वेगळं.

तर मागच्या पावसाळ्याच्या शेवटी मुंबईहून फोन आला. मयुरी नावाची दिग्दर्शिका. तिला माझ्या कादंबरीवर दहा भागांची मालिका करायची होती. "काका, मला तुमचं पुस्तक रद्दीवाल्याकडे मिळालं," हे तिनं फार कौतुकानं सांगितलं. मीही फार कौतुकानं ऐकलं.

बातमी पसरायला एक दुपार पुरली. सल्ले सुरू झाले. शेजारचे मिलवाले म्हणाले, "पिंपळशेंडे साहेब, सांभाळून राहा जी. टीव्हीवाले वाघाचा कुत्रा करतेत." पण खरा सल्ला नवाबभाईचा. नवाबभाई आमच्या गल्लीच्या तोंडाशी कपडेपट शिवतात. झाडीपट्टीच्या नाटकांतले राजे, सेनापती, खलनायक आणि भुतं दिवाळीपासून होळीपर्यंत त्यांच्याच कपड्यांत फिरतात. ते मशीन थांबवून म्हणाले, "भाऊ, लिहून घ्या. पक्कं लिहून घ्या. मागच्या साली एका कंपनीनं माह्याकडून सेनापतीचा ड्रेस नेला अन् लग्नात बँडवाल्याले घातला. ड्रेस तोच, इज्जत गेली ना!"

माझी इज्जत जाऊ नये म्हणून मी करारात एक कलम घालून घेतलं. शब्द माझेच : 'कादंबरीतील सर्व पात्रांचा वर्ण, उंची, डोळे व केस पुस्तकातील वर्णनाबरहुकूम राहतील. त्यात फरक करण्यास लेखकाची लेखी संमती आवश्यक राहील.' 'बरहुकूम' हा शब्द मी वनविभागात बत्तीस वर्षं कारकुनी करताना रोज वापरला. त्यानं आजवर कोणाचं भलं झाल्याचं आठवत नाही.

कलम मान्य झालं आणि माझ्या अंगात शिरलं. मी एक तक्ता केला. पात्र, पान, ओळ, वर्णन, शेरा. राणी : पान सत्तेचाळीस, ओळ नऊ, 'दुधासारखी गोरी'. ओळ दहा, डोळे निळे. ओळ बारा, केस गुडघ्यापर्यंत. ओळ चौदा, उंची 'दारातून वाकून यावं एवढी'. बायको, म्हणजे ज्योत्स्ना, तक्ता बघून म्हणाली, "मले पाह्यले आले तवा तुमच्या घरच्यायनं असाच कागद केला होता. तिसऱ्या ओळीवरच अडले होते, रंगाच्या." मी शेऱ्याच्या रकान्यात काही लिहिलं नाही.

चित्रीकरण मोहर्लीकडच्या जंगलातल्या एका तळ्यावर ठरलं. परवानगी काढायची म्हणजे माझं जुनं ऑफिस. मी हसत हसत गेलो. आपलंच घर! माझ्या खुर्चीवर अजय नावाचा तरुण बसला होता. त्यानं चहा मागवला, अर्ज घेतला आणि चौथ्या रकान्यावर बोट ठेवलं : चित्रीकरणात दाखवायचे वन्यप्राणी, प्रजाती व संख्या.

"साहेब, वाघ एक का दोन?"

"वाघ एक. डोकी दोन."

"डोक्याचा रकाना नाई नमुन्यात."

"अरे, तो खरा वाघ नाही. संगणकावर काढणार आहेत."

"मंग 'प्राणी कुठून आणला' इथी काय लिहू?"

"पण असला बिनडोक नमुना केला कोणी?"

अजयनं नमुन्याच्या खालच्या कोपऱ्याकडे बघितलं. तिथं बारीक अक्षरात तयार करणाऱ्याची सही होती. माझी. मी चहा संपवला. दोन डोक्यांच्या वाघाची फाईल पुढं नागपूरला मार्गदर्शनासाठी गेली आणि महिनाभरानं 'एक वाघ, सशर्त' असा शेरा घेऊन परत आली.

नटांची निवड चंद्रपूरला एका हॉलमध्ये ठेवली होती. मी तक्ता, पुस्तक आणि ज्योत्स्नाचा शिवणाचा टेप घेऊन पहिल्या रांगेत बसलो. राणीसाठी मुंबईची एक मुलगी आली होती. तिचं नाव सांगत नाही, पोरीचा काही दोष नव्हता. गोरी होती. डोळे निळे होते, म्हणजे ते ती डबीतून काढून बसवत होती. केस जोडलेले होते, पण गुडघ्यापर्यंत होते. मी मोजले. तक्त्यात बरोबरच्या खुणा करता करता माझा ऊर भरून आला. आपण डोक्यात घडवलेली बाई पायऱ्या चढून येते हे किती लेखकांच्या नशिबी असतं?

मग ती बोलली. पाळ फुटते तेव्हाचं राणीचं भाषण तिनं असं वाचलं, जसं आपण गॅस सिलिंडरवरची सूचना वाचतो. आणि थकली होती बिचारी, म्हणून पाणी प्यायला बाहेर गेली.

दासींच्या कामासाठी आलेल्या बायका मागं बसल्या होत्या. मयुरीनं त्यातल्या एकीला म्हटलं, "तुम्ही जरा राणीचे संवाद वाचता? वाघाच्या आवाजाचं बघायचंय." ती उठली. पस्तीस-छत्तीसची, ठेंगणी, काळी, खांद्याला रेक्झिनची पर्स. नाव दिव्यानी. वडशाच्या नाटक कंपन्यांतून झाडीपट्टीची नाटकं करणारी. तिनं पर्स खाली ठेवली नाही, कागद एकदाच बघितला आणि घडी करून मुठीत धरला. हजारो माणसं मंडपात बसलेली असतात आणि मागच्या माणसापर्यंत आवाज जावा लागतो, त्या सवयीनं ती हॉलच्या शेवटच्या भिंतीशी बोलली.

"पाळ फुटली त राणी कायची? सरका. मले झोपू द्या इथी."

माझं वाक्य एवढं नव्हतं. माझं वाक्य साडेचार ओळींचं होतं आणि त्यात 'प्रलयंकारी' हा शब्द दोनदा होता. पण वाघाचा आवाज काढणारा माणूस वाघ विसरला.

मयुरी तिच्याजवळ गेली, दोन्ही हात धरले आणि म्हणाली, "राणी तुम्हीच."

हे सगळ्यांसमोर झालं. दिव्यानी हसली नाही. "पक्कं का मॅडम?" एवढंच विचारलं. "कारण सीझन सुरू होऊन राह्यला. वडशाले होय म्हणून बसली हाये मी. तिथी आता मले हिरोईनच्या आईचं काम देतेत. पण देतेत."

"पक्कं," मयुरी म्हणाली. दिव्यानीनं तिथूनच वडशाला फोन लावला आणि अख्खा सीझन सोडला. मी ऐकत होतो. टेप माझ्या गळ्यात होता.

आता एखाद्या शहाण्या माणसानं तेव्हाच टेप गुंडाळून पिशवीत ठेवला असता. मी उभा राहिलो. "मयुरीताई, पान सत्तेचाळीस. ओळ नऊ." आणि ती ओळ मी मोठ्यानं वाचली. पुढच्या तीनही वाचल्या. हॉलमधल्या प्रत्येक माणसानं दर ओळीला एकदा पुस्तकाकडं आणि एकदा दिव्यानीकडं बघितलं.

दिव्यानी म्हणाली, "भाऊ, एक विचारू का? हे राणी दिवसभर तळ्याच्या पाळीवर उन्हात उभी राह्यते म्हणता. मंग इतकी गोरी राह्यलीच कशी?"

मागं कोणीतरी फिसकन हसलं. तिथं माझ्या मानाला ठेच लागली. "ती अद्भुत कादंबरी आहे," मी म्हणालो.

घरी येऊन मी कंपनीला पत्र लिहिलं. कलमाचा क्रमांक, पानाचा क्रमांक, 'बरहुकूम' तीनदा. आठवड्यानं उत्तर आलं : लेखकाच्या हरकतीचा मान राखून मुंबईच्या मुलीशी करार केला आहे. दिव्यानी यांना 'दासी क्रमांक दोन' ही भूमिका देण्यात येत आहे. मी ते पत्र नवाबभाईंना दाखवायला नेलं. त्यांनी वाचलं, घडी केली, परत दिलं. "भाऊ, लिहून घ्या म्हटलं होतं मी," ते म्हणाले, "मारून टाका नव्हतं म्हटलं. त्या पोरीचे ब्लाउज मी पंधरा वर्षांपासून शिवून राह्यलो. सीझन सोडला तिनं." आणि मशीन सुरू केलं, मी बोलत असताना.

त्यानंतरच्या रविवारी मयुरी आमच्या घरी आली होती, वाघाच्या 'सशर्त'चा अर्थ समजून घ्यायला. दिवाणावर बसून ती अर्थ समजून घेत होती, इतक्यात दारात दिव्यानी. बरोबर एक म्हातारी, हातात नव्या तांदळाची पिशवी. मला वाटलं, भांडायला आल्या. मी मनात कलम जुळवायला लागलो.

म्हातारी म्हणाली, "वळखलं नाई का भाऊ? मी गुणाबाई. मुखरूची."

मुखरू. सिंदेवाहीकडच्या एका रेस्ट हाऊसवरचा चौकीदार. मी दौऱ्यावर गेलो की महिन्यातून दोन दिवस त्याच्या हातचं जेवायचो. तो वारला तेव्हा मी जाणार होतो. त्या दिवशी काहीतरी होतं. काय होतं ते आठवत नाही, म्हणजे फार महत्त्वाचं नसावं.

"हे माही लेक," गुणाबाई दिव्यानीकडं बघून म्हणाली. "इले लहानपणी पाह्यली तुमी. हे म्हणते, बाबाची गोष्ट टीव्हीवर येऊन राह्यली. म्हटलं, भाऊले भेटून याव. ह्यायची लय इच्छा होती जी. मले म्हणे, साहेबानं लिहून घेतली, आता मरत नाई ते."

मयुरीनं वाघाचा कागद खाली ठेवला. "कोणाची गोष्ट?"

"ह्यायचीच. राणीची."

माझ्या प्रस्तावनेत, पान तीनवर, लिहिलेलं आहे : 'एका कातरवेळी तळ्याकाठी ही कथा मला सुचली.' मयुरीनं प्रस्तावना वाचली होती. तिनं माझ्याकडं बघितलं. मी पंख्याकडं बघितलं. पंखा चालू होता, त्यात बघण्यासारखं काही नव्हतं.

"सांगा ना मावशी," मयुरी म्हणाली.

गुणाबाईनं सांगितली. दिवाणावर बसली नाही, खाली फरशीवर बसली आणि नवऱ्याच्या आवाजात सांगितली. तिच्या गोष्टीत राणी काळी होती. ठेंगणी होती. पायांना भेगा होत्या आणि पुढच्या दोन दातांत फट, तिच्यातून ती शिटी वाजवायची तेव्हा वाघ यायचा. तिच्या राजवाड्याचं दार वाकून जावं एवढं बुटकं होतं आणि राणी सोडून सगळे त्यात वाकून जात. ती राणी का होती? तर पाळ बांधताना सगळ्यांत जास्त माती तिनं वाहिली होती, म्हणून.

मी सगळं ओळखलं. एकेक शब्द. रेस्ट हाऊसच्या व्हरांड्यात, ताटात मुखरू भात वाढत असताना, हे सगळं मी वहीत उतरवून घेतलं होतं. असंच्या असं.

"मग गोरी कधी झाली?" मयुरीनं विचारलं. आवाज अगदी गोड होता.

मी म्हणणार होतो, कलात्मक स्वातंत्र्य. पण ज्योत्स्ना स्वयंपाकघरातून चहा घेऊन आली आणि पस्तीस वर्षांचा संसार तिनं एका वाक्यात ट्रेवर मांडला. "सांगा ना आता. त्या पावडरच्या डब्याचं."

सांगावं लागलं. त्याचं असं झालं. हस्तलिखितात राणी काळीच होती. नागपूरच्या प्रकाशकांची मुखपृष्ठासाठी नवा ब्लॉक, म्हणजे चित्राचा छपाईचा ठसा, करायची तयारी नव्हती, पण त्यांच्याकडं एक जुना पडून होता. चेहऱ्याला लावायच्या पावडरच्या जाहिरातीतल्या बाईचा. गोरी, उंच, निळे डोळे, गुडघ्यापर्यंत केस. दाराच्या चौकटीत वाकून उभी, कारण मूळ चित्रात तिच्या डोक्यावर कंपनीचं नाव होतं. ते म्हणाले, "बाई एकदम राणीसारखी आहे. पुस्तकात तेवढं जुळवून घ्या." मी त्यांच्या टेबलावर बसून पान सत्तेचाळीसच्या प्रुफात जुळवून घेतलं. दहा मिनिटं लागली. पावडरच्या बाईशी मी इतका एकनिष्ठ राहिलो की तिच्या वाकण्यालासुद्धा कारण लिहून दिलं.

आणि हे मी विसरलो होतो का? नाही. हॉलमध्ये ओळ नऊ वाचताना मला त्या प्रकाशकाचं टेबल दिसत होतं. म्हणूनच आवाज एवढा चढला होता.

गुणाबाईला कळलंच नव्हतं की कोणाचं काही चुकलंय. ती बशीतून चहा पीत होती. मी दिव्यानीला विचारलं, "तुला माहीत होतं?"

"लहानपणापासून. बाबा सांगे ना."

"मग हॉलमध्ये बोलली काऊन नाईस?"

"पुस्तक तुमचं होतं भाऊ," ती म्हणाली. "पुस्तकात गोरीच होती."

मारलं असतं तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी मी कंपनीला फोन केला : हरकत मागे. तिकडून एक वकीलबाई अतिशय नम्रपणे म्हणाल्या, "सर, हरकत मागे घेता येईल, पण कलम पुस्तकाप्रमाणे आहे. पुस्तक जोवर गोरी म्हणतंय तोवर आम्ही बांधलेले आहोत." माझंच कलम. त्याला दार ठेवायचं मला सुचलं नव्हतं. रकान्यांचं आणि माझं असंच असतं.

मार्ग ज्योत्स्नानं काढला. "शुद्धिपत्र काढा," ती म्हणाली. आपल्याकडं पुस्तकाच्या शेवटी चूक कबूल करणारं ते चिटोरं लावतात ना, तेच. 'व्दितीय'ऐवजी 'द्वितीय' असे वाचावे, वगैरे. पस्तीस वर्षांनी निघालेलं शुद्धिपत्र मराठीत दुसरं असेल तर मला कळवावं. माझ्यात असं होतं :

'प्रस्तावना, पान ३ : "मला सुचली" ऐवजी "मुखरू यांनी सांगितली" असे वाचावे.
पान ४७, ओळ ९ : "दुधासारखी गोरी" ऐवजी "काळी" असे वाचावे.
ओळ १० ते १४ : वाचू नयेत.'

पहिल्या ओळीला मला तीन दिवस लागले. बाकीचं दहा मिनिटांत झालं.

मग दिवाण उचलला. नवाबभाई शिलाईचं काम बाजूला ठेवून आले, त्यांच्या बायकोनं, खुर्शीदाभाभींनी, मैद्याची खळ करून पाठवली, आणि ते, ज्योत्स्ना आणि मी असे तिघं दोन दिवस चिटोरी चिकटवत बसलो. नवाबभाई दर चिटोऱ्याला पहिली ओळ मोठ्यानं वाचत. प्रत्येक. मी म्हटलं, "मनात वाचा ना." ते म्हणाले, "चुकून उलटं चिकटलं त? पाहाव लागते."

कंपनीला पाच प्रती गेल्या. आठ दिवसांनी मयुरीचा निरोप : वकिलांनी शुद्धिपत्र मान्य केलं. राणी काळीच राहील. मी उड्या मारल्या. या वयात उडी एकच बसते, पण मारली. गुणाबाईला फोन केला, लेक राणी झाली म्हणून. तिकडून तिनं शेजारणीला हाक मारल्याचं ऐकू आलं. मयुरीला पुन्हा विचारून खात्री करावी असं मला सुचलं नाही. कागद माझ्या बाजूचा असला की मी कधीच खात्री करत नाही.

जानेवारीतल्या एका सकाळी चित्रीकरण होतं. पाळीचाच प्रसंग. मी आणि ज्योत्स्ना पोचलो तेव्हा गुणाबाई आधीच येऊन बसली होती, नवं लुगडं नेसून, गावच्या चार बाया घेऊन. पाळीवर छत्र्या, दिवे, तारा. आणि मधोमध खुर्चीवर राणी.

काळी होती. जोडलेले केस कापले होते, डोळे काळे होते. मी जवळ गेलो. कानामागं एक गोरी रेघ राहून गेली होती, आणि एक मुलगी स्पंजानं ती काळी करत होती. मुंबईचीच पोर. आम्हाला बघून ओशाळं हसली. "अंकल, खूप खाजतं हो हे," म्हणाली.

मयुरी माझ्या डोळ्याला डोळा देईना. "करार आधीच झाला होता काका. तुमच्या पहिल्या पत्रानंतर. निर्माते म्हणाले, पुस्तकानं रंग बदललाय, माणूस बदलायला सांगितलेलं नाही. कलमात वर्ण, उंची, डोळे, केस आहे... कोणाचे, ते नाहीये. उंचीची ओळ तर तुम्ही वाचूच नये म्हटलंत."

"आणि दिव्यानी?"

तिनं हातानं दाखवलं. तळ्याच्या काठावर पाच दासी ओळीनं उभ्या होत्या. पांढऱ्याफटक. चुन्यानं सारवल्यासारख्या. "राणी उठून दिसायला हवी ना," मयुरी अगदी हळू म्हणाली. "तर... बाकीच्यांना उजळ केलंय."

दुसरी दासी आमच्याकडं चालत आली. गुणाबाईनं तिला बघून पदर सावरला, बाजूला सरकली आणि मला विचारलं, "भाऊ, हे बाई कोन? अन् माही लेक कुठी हाये?"

"माय, मी हाव," ती पांढरी बाई म्हणाली.

गुणाबाईनं हात पुढं केला, बोटानं तिच्या गालावरचं थोडं काढलं आणि त्या बोटाकडं बघत राहिली. गावच्या बाया एकमेकींकडं बघायला लागल्या. मला वाटलं, आता त्या मला तळ्यात टाकतील. कोणी टाकलं नाही. टाकलं असतं तर मी ओला होऊन घरी तरी गेलो असतो. उभंच राहावं लागलं. माझ्या पहिल्या पत्रानं तिचं काम काढून घेतलं होतं आणि माझ्या पश्चात्तापानं तिच्या तोंडाला चुना लावला होता. दोन्ही वेळा सगळं नियमाप्रमाणे.

"दिव्यानी, मी..." मी सुरुवात केली.

"राहू द्या भाऊ. तुमी चिटोरं चिकटवलं ना. नवाबचाचानं फोनवर वाचून दाखवलं मले. बाबाचं नाव पुरं वाचलं."

तेवढ्यात पाळीवर गडबड झाली. राणीला भगदाडात झोपायचं होतं. भगदाड खरंच खणलं होतं, त्यातून कमरेएवढं पाणी सुटणार होतं, खाली चिखल. मुंबईच्या पोरीनं वाकून बघितलं आणि तिला रडू फुटलं. "मला पोहता येत नाही. मी सांगितलं होतं, सगळ्यांना सांगितलं होतं." खरंच सांगितलं असणार. ऐकायला कोणाला वेळ असतो? मयुरी कपाळाला हात लावून बसली, मग उठली आणि आमच्याकडं आली. म्हणाली, "दिव्यानीताई, पाठमोरा शॉट आहे. चेहरा दिसणार नाही. तिच्याऐवजी तुम्ही झोपाल का? हे... हे विचारायला मला लाज वाटते."

लाज माझी एकट्याची नव्हती तर.

दिव्यानीनं भगदाडाकडं बघितलं. मग पाण्याच्या ड्रमकडं गेली आणि मला म्हणाली, "भाऊ, पानी टाका."

मी तांब्यानं पाणी ओतलं. ती तोंड, मान, हात घासत होती. पांढरं पाणी माझ्या बुटांवरून वाहत होतं. सात तांबे लागले. आठव्याला ती थांबली.

"भाऊ, एक सांगा. पुस्तकात राणीची पाठ कशी हाये?"

मी पिशवीतून पुस्तक काढलं. पान सत्तेचाळीस, मग पुढं, मग पार शेवटपर्यंत. नाक होतं, कंबर होती, पापण्यांवर सबंध परिच्छेद होता. घोट्यांवर दोन. पुन्हा एकदा चाळलं. जाहिरातीतली बाई समोरूनच काढलेली होती, तिची पाठ मी कुठून बघणार?

"पाठ लिहिली नाई," मी म्हणालो.

"नक्की?"

"नक्की."

"मंग ते माहीच."

तिनं चपला काढून माझ्या हातात दिल्या, राणीचं लुगडं आडोशाला जाऊन नेसली आणि पाळीवर चढली. कोणाचा हात धरला नाही. कॅमेऱ्याकडं पाठ करून क्षणभर उभी राहिली, आणि भगदाडात आडवी झाली. पाणी सोडलं. ते तिच्या खांद्यावर आपटलं, वर उसळलं, बाजूंनी फाटलं. ती हलली नाही. मयुरीनं 'कट' म्हणायला हात वर केला, इतक्यात पाळीखालून गुणाबाई उठून ओरडली, "उठू नोको वं! पानी अजून वाह्यते!"

मयुरीचा हात वरच राहिला. कॅमेरा चालू राहिला. माती हळूहळू तिच्या अंगाशी बसत गेली, पाणी बारीक झालं, आणि चारही बाया गुणाबाईशेजारी उभ्या राहिल्या. मुंबईची पोरही खुर्चीवरून उठून, ओघळलेल्या काळ्या गालांनी, पुढं आली होती.

मी जवळून बघावं म्हणून पाळ चढायला लागलो, तर टोपी घातलेल्या एका माणसानं मला अडवलं. गळ्यात ओळखपत्राचा पट्टा नसलेल्यांना तो वर जाऊ देत नव्हता. त्यानं माझ्याकडं, मग माझ्या हातातल्या बायकी चपलांकडं बघितलं.

"कोणाबरोबर आलात?"

लेखक म्हणावं असं तोंडावर आलं होतं.

"राणीसोबत," मी म्हणालो.

"राणी तर तिकडं उभी आहे, त्या छत्रीपाशी."

"ती नाही," मी म्हणालो, आणि चपला पुसायला लागलो.